लाइन, पाळी आणि लसावि

गणिताच्या पुस्तकातल्या घंटा नेमक्या कोणत्या देवळात टांगलेल्या असतात, याचा कोणीतरी शोध घ्यायला हवा. एक घंटा दर 8 मिनिटांनी वाजते, दुसरी 12 मिनिटांनी, तिसरी 15 मिनिटांनी. सकाळी 9 वाजता तिन्ही एकदम वाजल्या, तर पुन्हा एकदम किती वाजता वाजतील? उत्तर, 11 वाजता. दोन तास ठणाणा चालू असताना त्या गावातला एक माणूस उठून विचारत नाही, की बाबांनो, आग लागली कुठे? वाजवणारे तिघे चहाला जात नाहीत, तंबाखू मळत नाहीत, एक मिनिट इकडचे तिकडे होऊ देत नाहीत. अशी माणसे भंडारा जिल्ह्यात तरी नाहीत.

पण माझी खरी हरकत त्यातल्या एका साध्या वाक्याला आहे. ‘सकाळी 9 वाजता तिन्ही एकदम वाजल्या.’ हे फुकटात कसे मिळाले? आमच्या लाखनीत लाइन, नळ आणि घरातली माणसे एकाच वेळी जागी झाली असा दिवस उजाडला, तर आम्ही बैल नसतानाही पोळा भरवू. (लाइन म्हणजे वीज. आमच्याकडे वीज आभाळात कडाडते. तारेतून येते ती लाइन.)

पाचवीत विभाज्य आणि विभाजक, सहावीत मसावि आणि लसावि, असा क्रम आहे. विभाज्य म्हणजे फार काही नाही, जुना पाढाच कपडे बदलून परत आलेला असतो. आठाचा पाढा म्हणा, आठाचे विभाज्य झाले. फरक एवढाच, की पाढा ‘आठ दाहे ऐंशी’ला संपतो अशी प्रत्येक मुलाची प्रामाणिक समजूत असते. आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींच्या ओसरीवर शिकवणी चालते, तिथे मी हा संवाद ऐकलेला आहे.

“गुरुजी, ऐंशीच्या पुढे का हाये?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“अन् त्याच्या पुढे?”

“शहाण्णव. त्याच्या पुढे एकशे चार. थांबतच नाही ते.”

“मग सुट्टी कवा होते जी?”

या प्रश्नाला गणितात उत्तर नाही. विभाज्य संपत नाहीत. म्हणूनच सगळ्यात मोठा सामाईक विभाज्य काढा, असे कोणी सांगत नाही. सगळ्यात लहान काढा, आणि घरी जा.

त्यातही एक मेख आहे. सगळ्यात लहान म्हटले तर तो शून्य असायला हवा. आठाला शून्याने गुणा, शून्य. बाराला गुणा, शून्य. पंधराला गुणा, तेच. पूर्ण संख्यांच्या राज्यात शून्य हा प्रत्येकाचा विभाज्य, म्हणजे सगळ्यांचा सामाईक. पुस्तक त्याला हळूच बाजूला सारते आणि मग लसावि शोधायला लावते. हे मला पटते, कारण मंडईच्या वर्गणीची बैठक मी पाहिलेली आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक असते, आणि नाटक आणायचे म्हणजे वर्गणी आली. एक म्हणतो दोनशे घ्या, दुसरा म्हणतो पाचशे, तिसऱ्याला धानाचे पैसे आल्याशिवाय बोलताच येत नाही. या सगळ्यांचे मनापासून एकमत होईल असा एकच आकडा असतो, आणि तो शून्य. तो काढून टाकला, की खरी बैठक सुरू होते.

पोरांचा गोंधळ उडतो तो मात्र दुसरीकडे. ‘लघुतम’ म्हणून काढलेला लसावि भलामोठा निघतो आणि ‘महत्तम’ म्हणून काढलेला मसावि एवढासा. 8 आणि 12 यांचा मसावि 4, लसावि 24. गुरुजी यावर एकच सांगतात, की दोघांचा गुणाकार करा, मसाविने भागा, लसावि हातात येतो. 8 गुणिले 12 म्हणजे 96, भागिले 4, उत्तर 24. आता बाराच्या जागी 13 घ्या. 8 आणि 13 यांच्यात एकाखेरीज काहीही सामाईक नाही, म्हणून लसावि सरळ 104. एकाने आकडा वाढला आणि गाठ पडायला चौपटीहून जास्त उशीर. ज्यांच्यात आधीच थोडेफार जुळते त्यांची भेट लवकर होते. लग्ने जुळवणारे गणिताच्या तासाला झोपलेले होते असे म्हणवत नाही.

आता विहिरीकडे येतो. आमच्या ओळखीच्या तिघा भावांची एक सामाईक विहीर आहे. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, विहीर काही चिरता आली नाही. म्हणून पाळी ठरली: एक दिवस थोरल्याचा, एक मधल्याचा, एक धाकट्याचा. उन्हाळी धान म्हटले की पाणी रोजचे. त्यात शेतीपंपाची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री पाणी ओलणे म्हणजे विजेरी, काठी, गमबूट आणि देवाचे नाव. बांधावर साप, धुऱ्याला रानडुक्कर, आणि कोक्याचे जंगल फार लांब नाही, हे वाघालाही ठाऊक असते. तेव्हा दिवसाची पाळी म्हणजे सुख, रात्रीची म्हणजे शिक्षा, असा साधा हिशेब.

पहिल्या पंधरवड्यातच भांडण लागले. दिवसाच्या लाइनचे दिवस सात, भाऊ तीन. सात काही तिघांत सारखे वाटले जात नाहीत. थोरल्याला दिवसाच्या पाळ्या तीन मिळाल्या, बाकीच्यांना दोन-दोन. मधल्याने आणि धाकट्याने मिळून थोरल्याशी बोलणे सोडले. दुसऱ्या पंधरवड्यात तीन पाळ्या धाकट्याच्या वाट्याला आल्या. त्याचे थोरल्याशी बोलणे सुरू झाले आणि मधला एकटा पडला.

“मीच का जागल्या आहो का?” असे म्हणत तो गुरुजींच्या ओसरीवर आला.

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले. लाइनचा फेरा 14 दिवसांचा, पाळीचा फेरा 3 दिवसांचा, दोहोंत सामाईक काही नाही, लसावि 42. मग खडूने पाटीवर सहा आठवडे मांडले. दिवसाची लाइन एकूण 21 दिवस, प्रत्येकाला 7, कोणावर काडीचा अन्याय नाही. तिसऱ्या पंधरवड्यात जास्तीची पाळी आपोआप मधल्याचीच येणार होती. कोणी कोणाला फसवलेले नव्हते, आकडे आपापल्या गतीने चालले होते. पाटी बघून मधल्याचा चेहरा उजळेल अशी माझी अपेक्षा होती.

“बेचाळीस दिवस कोन थांबते जी? तवरिक धान निसवते,” तो म्हणाला.

लसाविवर याहून नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. सगळे सारखे होते, पण कधी होते? आधी झाले तर न्याय, नंतर झाले तर हिशेब. गुरुजींनी तोड काढली, की पुढच्या हंगामात सुरुवात मधल्यापासून करा. तशी केली. मधला खूश झाला आणि जास्तीची पाळी तिसऱ्या पंधरवड्यापर्यंत लांबल्याने आता धाकट्याचे तोंड वाकडे झाले. थोरला मात्र दोन्ही हंगामांत शांत होता. मोठेपणा म्हणतात तो हाच असावा, किंवा त्याने पाटी नीट वाचली असावी.

सुरुवात कुठून होते याला किती महत्त्व आहे, ते आठवडी बाजारांत दिसते. आपला बाजार दर सात दिवसांनी, शेजारच्या गावचा बाजारही दर सात दिवसांनी. लसावि सात. पुस्तकाप्रमाणे दर आठवड्याला दोघांची गाठ पडायला हवी. पण वार वेगळे आहेत, आणि फेरा तोच असून सुरुवात वेगळी असली, की जन्मात भेट नाही. हे कोणी चुकून केलेले नाही. लसूण-मिरची विकणारी बाई, झाडू-टोपल्यांवाला, चप्पलवाला ही माणसे आज या गावात तर उद्या त्या गावात दिसतात, ती या न-भेटीवरच जगतात. मंडईचेही तसेच. आसपासच्या गावांच्या मंडया एकाच दिवशी आल्या तर पाहुणे, पाळणे आणि नाटक मंडळी यांची पळापळ होईल, म्हणून गावे आपसात दिवस सोडवून घेतात. सामाईक विभाज्य काढायला शाळा शिकवते, तो टाळायला बाजार.

या विषयातले आमच्या आळीतले सर्वांत मोठे प्रकरण म्हणजे एक जुने कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी हे कॅलेंडर 1973 साली सुरू केले, तेव्हापासून मराठी घरात भिंत आहे म्हणजे खिळा आहे आणि खिळा आहे म्हणजे कालनिर्णय आहे. आळीतल्या एका गृहस्थांनी मात्र 1998 चे जपून ठेवलेले आहे. त्यांचा सिद्धांत असा, की लीप वर्ष दर चार वर्षांनी येते, आठवड्याचे वार सात. 4 आणि 7 यांचा लसावि 28. म्हणून दर 28 वर्षांनी वार आणि तारखा जशाच्या तशा परत येतात. 1998 अधिक 28, 2026. सिद्धांत बरोबर आहे. 1 जानेवारी 1998 ला गुरुवार होता, 1 जानेवारी 2026 लाही गुरुवारच. खरे तर तेच कॅलेंडर त्यांना मध्ये 2009 ला आणि 2015 लाही चालले असते, पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. वाया गेलेल्या दोन वर्षांची हळहळ लागून राहील.

अडचण तारखांची नाही, तिथींची आहे. 1998 च्या कालनिर्णयात लक्ष्मीपूजन 19 ऑक्टोबरला छापलेले आहे. 2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला. म्हणजे जगाचा दसरा आणि यांची दिवाळी यांची गाठ. चंद्राचा हिशेब निराळा असतो. त्याच्या तिथी इंग्रजी तारखांशी साधारण 19 वर्षांनी जुळतात. तुमच्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावनाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो. 2007 साली 17 मेला अधिक ज्येष्ठ लागला होता, 2026 साली अधिक ज्येष्ठ लागला तोही 17 मेलाच. 2007 ची दिवाळी 9 नोव्हेंबरला होती. जावयाला धोंड्याचे वाण देणाऱ्या सासूने 2007 च्या डायरीतून यादी उतरवली तरी चालेल. भाव तेवढे बदलावे लागतील.

मग वार, तारीख आणि तिथी तिन्ही जुळायला किती वर्षे? 28 आणि 19 यांच्यात सामाईक काही नाही. गुणाकारच करावा लागतो, 532 वर्षे. गृहस्थ त्यालाही तयार होते. कागद चांगला आहे म्हणाले. पण 2100 साल चारने भागले जात असूनही लीप वर्ष नाही, शतकाच्या वर्षाला 400 ने भाग जावा लागतो, असे कळल्यावर त्यांची सगळी साखळीच तुटली. तेव्हापासून ते कॅलेंडर घडी करून धान्याच्या कोठीखाली टेकण म्हणून गेलेले आहे.

एवढी वाट कोणी बघते का, असे वाटेल. अमेरिकेत बघतात, आणि ते किडे आहेत. तिकडचे काही सिकाडा 13 वर्षे जमिनीखाली राहून बाहेर येतात, काही 17 वर्षे. लसावि 221. 2024 साली अशा दोन टोळ्या एकाच उन्हाळ्याच्या तोंडाशी वर आल्या. या दोघी त्याआधी एकत्र आल्या होत्या त्या 1803 साली. त्या वर्षी इकडे नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांची फौज इंग्रजांशी अडगावला लढत होती. पुढची भेट 2245 ला. एक मत असे आहे, की 13 आणि 17 हे मूळ संख्यांचे फेरे धरले म्हणजे दोन-चार वर्षांचे फेरे असलेल्या शत्रूंशी गाठ क्वचितच पडते. उधारी असलेल्या दुकानावरून जाण्याच्या वेळा आमच्याकडेही लोक अशाच निवडतात.

जुन्या माणसांनी आकडे निवडताना पुढच्या वाटण्यांचा विचार केला होता, असे माझे मत होत चालले आहे. गुरू राशिचक्राचा फेरा सुमारे 12 वर्षांत पुरा करतो, शनी सुमारे 30 वर्षांत. दोहोंचा लसावि 60, आणि संवत्सरेही बरोबर 60. खरी गंमत रुपयात होती. 16 आण्यांचा रुपया, 12 पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या 192 पै. तीन भावांत एक रुपया वाटायचा तर प्रत्येकाला 5 आणे 4 पै, तंतोतंत. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, रुपयाचे 100 झाले, आणि तीन भावांत वाटले की 33, 33, 33 आणि उरला एक. आपल्या तिघा भावांसारख्या घरात त्या उरलेल्या एका पैशाने काय होत असेल, याचा विचार सरकारने केला नसावा.

धानाच्या कट्ट्याचेही असेच. खरेदी केंद्रावर भरती 40 किलोची आणि भाव क्विंटलचा. पाच कट्टे झाले तर दोन क्विंटल, हिशेब सरळ. तीन कट्टे नेणाऱ्याला 120 किलोचे एक पूर्णांक दोन दशांश करून घ्यावे लागतात. म्हणून म्हातारी माणसे पोत्यांची थप्पी पाच-पाचांची लावतात. त्यांनी लसाविचे नाव ऐकलेले नसते. मे महिन्यात तेंदूच्या 70 पानांचा पुडा बांधणाऱ्या बाईची बोटेही मोजत नाहीत असे वाटते, आणि चुकतही नाहीत.

हल्ली मात्र सगळे बांधून येते. पत्रावळ्यांचे बंडल 25 चे, पाण्याच्या बाटल्यांचे खोके 12 चे. लग्नघरी यजमानाने आचाऱ्याला विचारले, किती माणसे धरायची? आचारी म्हणाला, “तीनशे बोलवा. एक पत्रावळ उरत नाही, एक बाटली उरत नाही.” 25 आणि 12 यांचा लसावि 300. यजमानाची कुवत दीडशेची होती, पण उरलेल्या सहा बाटल्या वाया जातील या धास्तीने त्याने आणखी दीडशे जणांना पत्रिका वाटल्या. मुलगी सुखात आहे. कर्ज अजून आहे.

यावर उतारा एकच होता, तो म्हणजे बंडल फोडून सुटे देणारा दुकानदार. ‘दोन बिड्या द्या’, ‘चार अंडी द्या’, ‘पावशेर पोहे द्या’ असे म्हणता येत होते तोवर आमच्या संसारात लसाविचा शिरकाव नव्हता. सुट्यासमोर प्रत्येक आकडा विभाज्य. एकाचा पाढा कोणाच्याही आड येत नाही. अजूनही आठवडी बाजारातली बाई चार मिरच्या कमी-जास्त करून तुमचे दहा रुपये बरोबर जुळवून देते. हिरवी कोथिंबीर वर टाकते, तिचा तर हिशेबच नाही.

राहता राहिली गाडी. लाखनी मुंबई-कोलकाता महामार्गावर, भंडारा आणि साकोली यांच्यामध्ये. समजा एका मार्गाची गाडी दर 20 मिनिटांनी येते, दुसऱ्या मार्गाची दर 30 मिनिटांनी. तर दर तासाला दोन्ही एकदम दिसाव्यात, एरवी एकएकटी. प्रत्यक्षात बराच वेळ रस्त्यावर कुत्रे नसते आणि मग तीन गाड्या पाठोपाठ येतात. यातही कोणाची लबाडी नाही. पहिलीला उशीर झाला, की थांब्यावर गर्दी वाढते. गर्दी चढवण्यात तिला आणखी उशीर होतो. मागचीला माणसेच मिळत नाहीत, ती रिकामी धावत येऊन पहिलीला गाठते. तिन्ही एकदम वाजल्या त्या घंटा कदाचित अशाच असतील. हुशार माणूस पहिली सोडतो आणि दुसरीत ऐसपैस बसतो.

त्यात आता गावावरून उड्डाणपूल झाला आहे. जलद गाड्या वरून जातात, थांब्यावरची माणसे खालून बघतात. वरचा फेरा वेगळा, खालचा वेगळा, दोहोंचा लसावि काढायला गुरुजींनीही नकार दिला. तेव्हा नागपूरहून लाखनीला यायचे असेल तर एवढे करा: बसण्याआधी कंडक्टरला विचारून घ्या, गाडी पुलाखालून जाणार की वरून. वरून म्हणाला, तर साकोलीचे तिकीट तयार ठेवा.